आधी मूळ ग्रंथ, की टीका आणि अभ्यासग्रंथ?

ग्रंथालयात धर्मविषयक संग्रह कसा उभारावा या चर्चेतलं 'आधी सगळ्या धर्मांचे मूळ ग्रंथ घ्या, अभ्यासग्रंथ नंतर' हे मत मला अर्धंच पटतं. मूळ ग्रंथ म्हणजे नेमकी कोणती आवृत्ती? मॅक्स म्यूलर यांनी संपादित केलेली ५० खंडांची 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' मालिका (१८७९-१९१०) कपाटात शोभून दिसते, पण ती इंग्रजी भाषांतरं आहेत, तीही शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. संशोधकाला पाठभेदांसह (म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले फरक नोंदवलेली) चिकित्सक आवृत्ती लागते आणि शेजारी एखादं ताजं भाषांतर. दोन्ही परवडत नसतील तर मी चिकित्सक आवृत्ती आधी घेईन.

या चर्चेत वर्गीकरणाचा मुद्दा कुणीच काढला नाही. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत २०० हा धर्माचा वर्ग; त्यात २२० ते २८० हे सात विभाग बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, बाकी सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. बौद्ध, जैन, हिंदू, शीख तर सगळे २९४ मध्येच! त्यामुळे या धर्मांवरच्या पुस्तकांचे क्रमांक भलतेच लांबतात.

आणि हो, पंथांची पत्रकं, प्रार्थनापुस्तिका, स्मरणिका रद्दीत जाऊ देऊ नका. धर्म प्रत्यक्षात कसा पाळला जातो हे त्यांतच सापडतं, आणि नंतर ती विकतही मिळत नाहीत. फक्त देणगीत आलेलं सगळंच घेऊ नका, नाहीतर एकाच पंथाचं प्रचारसाहित्य कपाटं अडवून बसतं.