मदत हवी आहे : पेशंटला हसवत तपासायचं कसं शिकलात?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमबीबीएस केलं, प्लॅब (ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून काम करण्यासाठीची परीक्षा) दिली आणि ऑगस्टपासून इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका वृद्धांच्या वॉर्डात काम करतेय. चार महिन्यांची पोस्टिंग डिसेंबरच्या सुरुवातीला संपेल.

आमचे कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, फार विनोदी आहेत. परवा एका नव्वदीच्या आजींच्या कॉटशेजारी ते गुडघ्यावर बसले, वॉकरकडे बघून म्हणाले, "वेग जरा कमी ठेवा, वॉर्डात कॅमेरे आहेत!" आजी खळखळून हसल्या, उलट उत्तरही दिलं. बाहेर आल्यावर मला विचारलं, "काय दिसलं?" मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं: विनोद कळला म्हणजे ऐकू येतंय, लक्ष आहे, उत्तर एका दमात दिलं, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलला. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, दात दाखवायलाही सांगायचं, कारण स्ट्रोकमध्ये कधीकधी सहज आलेलं हसू शाबूत असतं आणि मुद्दाम हसताना एक बाजू ओढली जात नाही. हे मी जन्मात विसरणार नाही.

मला हे मनापासून शिकायचंय. मराठीत आजी-आजोबांशी मी सहज बोलते, इथे शब्दच अडतात. 'पूअर्ली' म्हणजे आजारी आणि 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाणं, हे नर्सताईंनी शिकवलं.

इकडे काम केलेल्यांनी सांगा: परक्या भाषेत गंमत करायला कशी सुरुवात केलीत? आणि कुठल्या पेशंटशी अजिबात करायची नाही, हे कसं ओळखता?