पिकअपचे शॉकअप बदलायचेत, मोनोट्यूब (एकाच नळीचे) घेऊ की ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले)?

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्या पिकअपला अजून कंपनीचेच शॉकअप आहेत, ८०,००० किलोमीटर झाले. माल भरलेला असला की गाडी ठीक चालते. रिकामी असली की मात्र मागचा भाग खड्ड्यात नुसता उडतो, आणि वळणावर खडबडीत रस्ता लागला तर मागची चाकं चक्क बाजूला सरकतात. काल खाली वाकून पाहिलं, तर मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, त्यावर धुळीचा जाड थर. त्याच बाजूच्या टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतं. म्हणजे तो गेलाच, यात शंका नाही.

मेकॅनिक म्हणतो, पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढव. मला नाही पटत. पाटे वजन पेलतात, शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. पाटे वाढवले तर रिकामी गाडी अजूनच आपटेल ना?

मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे असतात, उष्णता लवकर बाहेर जाते, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावर तेलाला फेस येत नाही, एवढं कळलं. पण दगड लागून नळीला पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो म्हणे, शिवाय चाल कडक. माझा निम्मा प्रवास रिकाम्या गाडीने होतो. अशा वापरात कोणी मोनोट्यूब लावलेत का? आणि पुढचे अजून कोरडे आहेत, तरी चारही एकदम बदलावेत का? बुश (शॉकअपच्या जोडातले रबर) तर नवे घेणारच आहे.