धबधब्याचे फोटो आणि वादळी हवा

काही जण म्हणतात की पावसात धबधब्याचा फोटो काढायला एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळपट काच, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून पाणी रेशमासारखं दिसतं) हवाच, मला तरी तसं वाटत नाही. आभाळ भरून आलं की उजेड आधीच इतका कमी असतो की आयएसओ १०० (सेन्सरची कमी संवेदनशीलता), एफ/११ (लेन्सचं लहान छिद्र) वर नुसता सीपीएल, म्हणजे चकाकी कापणारा फिरता पोलरायझर फिल्टर, लावला तरी अर्ध्या सेकंदाचं शटर आरामात मिळतं, तो फिल्टर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातोच आणि ओल्या खडकांवरची चकाकी जाते ते वेगळंच. खरा वैताग तुषारांचा!! लेन्स पुसेपर्यंत परत थेंब, म्हणून मी लेन्सवर फडकं टाकूनच थांबते, वारा जरा पडला की फडकं बाजूला आणि लगेच क्लिक, दहातले दोन बरे येतात.

आणि हो, पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की ट्रायपॉड उचलून सरळ वर सरका, आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी, कारण तो वर डोंगरात पडलेला असतो. मी एकदा "अजून एकच" करत थांबले तर परतीचा ओढा गुडघ्याच्या वर चढलेला, दोन तास ओढ्याच्या अलीकडेच कुडकुडत बसले, आणि तो "एकच" फोटो हललेला निघाला.