चाळीतली खोली दहा बाय बाराचीच का? वरळी-माटुंगा तेव्हा मोकळंच होतं ना?

लालबागचा_नातू:
आजोबा राजापूरकडून बोटीनं आले, भाऊच्या धक्क्याला उतरले ते थेट लालबागच्या चाळीत. खोली दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, संडास मजल्याच्या टोकाला, आणि बाबा सांगतात एके काळी त्यात ११ माणसं होती. विचारलं एवढीशी खोली का, तर सगळे एकच सांगतात की मुंबई बेट आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र, जागाच नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माटुंग्याला शेतं होती, वरळीला ओसाड होतं, मग गिरण्यांना खेटूनच एवढी दाटी कशाला केली? मालक लोकांचा कंजूसपणा की अजून काही? माहीतगारांनी सांगा प्लीज, व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नको.

भोंगा_पहिला:
समुद्राचं कारण अर्धंच खरं आहे. खरं कारण पाय! गिरणी कामगार चालत कामाला जायचा. ट्राम १८७४ ला आली ती घोड्यांची, विजेची १९०७ ला, पण रोज दोन वेळचं तिकीट त्या पगारात कोण काढणार. रेल्वे तर त्याआधीपासून होती, १८५३ ची, पण तीही रोजच्या रोज कामगाराला परवडणारी नव्हती. त्यात कामाचे तास बघा, १९११ च्या कायद्यानं १२ तासांची मर्यादा घातली म्हणजे त्याआधी त्याहून जास्त चालायचं हे आलंच. भोंगा झाला आणि तुम्ही गेटवर नाहीत तर बदलीवाला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतात तो, उभाच असतो बाहेर. मग माणूस माटुंग्याच्या मोकळ्या हवेत कशाला राहील, तो गिरणीच्या भिंतीला टेकूनच राहणार. १९०० च्या आसपास ऐंशीएक गिरण्या होत्या शहरात, बऱ्याचशा परळ, लालबाग, भायखळा पट्ट्यातच. मागणी सगळी त्या तेवढ्या तुकड्यावर, त्यामुळे घरमालकाला खोली मोठी करायची गरजच नव्हती. चार छोट्या खोल्यांचं भाडं दोन मोठ्यांपेक्षा जास्त येतं, हिशोब सरळ आहे.

खाणावळवाली_नात:
दादा तुमचं बरोबर पण एक राहिलं. ती खोली संसारासाठी नव्हतीच मुळी! आलेले सगळे पुरुष, बायकामुलं गावी, शेती सांभाळायला. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. मग खोलीत करायचं काय, पाठ टेकायची, ट्रंक ठेवायची, बस. जेवण खाणावळीत. माझी आजी डिलाईल रोडला खाणावळ चालवायची, तीसेक माणसं दोन वेळ जेवायला, पैसे पगाराच्या दिवशी एकदम. एकाच गावची माणसं एक खोली धरायची, भाडं वाटून घ्यायची, आणि पाळीनं झोपायची, एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. १९८२ च्या गिरणी संपात आजीची उधारी जी अडकली ती अडकलीच, पण तिनं कुणाचं ताट बंद केलं नाही म्हणे. असो, विषय वेगळा.

भोंगा_पहिला:
ताई एक छोटी दुरुस्ती, पाळीनं झोपणं नंतरचं. सुरुवातीच्या काळात गिरण्या दिवसाच चालायच्या, दुसरी-तिसरी पाळी जोरात सुरू झाली ती खूप पुढे. म्हणजे आधी सगळे एकाच रात्री एकाच खोलीत, न मावलेले गॅलरीत, जिन्यात नाहीतर रस्त्यावर. बाकी सगळं मान्य.

पेठेतला_पाहुणा:
आणि १८९६ च्या प्लेगला विसरू नका. मांडवीत पहिला रोगी ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे, धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्यासमोरनं जातात आणि एकालाही माहीत नसतं कोण ते. लोक एवढे पळाले की १८९१ ला शहरात ८ लाख २१ हजार होते ते १९०१ ला ७ लाख ७६ हजार झाले. मग सरकारनं १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यांचं म्हणणं रोगट हवेमुळे प्लेग होतो, म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्तीतून कापले, समुद्राचं वारं आत यावं म्हणून. त्याच वर्षी सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर सांगत होता की उंदरावरच्या पिसवा बघा, पण त्याचं मनावर घेतलं नाही कुणी. झालं काय, चाळी पाडल्या आणि तिथली माणसं शेजारच्या चाळीत जाऊन अजून दाटीनं राहिली. आणि तुमचं ते मोकळं माटुंगा ना, ते ट्रस्टनं प्लॉट पाडून दिलं, पण राहायला आले कोण, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतले कारकून, वकील, डॉक्टर. गिरणीवाल्याच्या आवाक्यातलं नव्हतंच ते.

लालबागचा_नातू:
अरे वा, म्हणजे मोकळी जागा होती पण आमच्यासाठी नव्हती 😀 मग वरळीच्या बीडीडी चाळी? त्या तर सरकारनंच कामगारांसाठी बांधल्या ना?

भोंगा_पहिला:
बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० ला गव्हर्नर लॉइडच्या काळात निघालं. कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर लावून पैसा उभा करायचा आणि ५० हजार खोल्या बांधायच्या असा बेत. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून, म्हणजे खोल्या साधारण १६ हजार. मजा अशी की सरकारनं सिमेंट काँक्रीटचं मजबूत बांधलं पण खोली तशीच एवढीशी, १६० चौरस फूट! आणि वरळीला तर सुरुवातीला लोकच येईनात. गिरणीपासून लांब, भाडं जास्त. खोल्या रिकाम्या पडल्या, पुढे सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग म्हणून काही चाळी वापरल्या. आता त्याच वरळीत २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० चौरस फुटांच्या. शंभर वर्षं लागली १६० चे ५०० व्हायला.

चाळकरी_कायमचा:
सगळे रडगाणंच गाताय राव. आमच्या चाळीत दार कधी बंद नसायचं, गणपतीला अख्खा मजला एक घर. ५०० फुटात गेल्यावर शेजारी कोण तेपण कळत नाही.

खाणावळवाली_नात:
काका, दार बंद करायला आत जागा कुठे होती? आणि संडासच्या रांगेत पहाटे चारला डबा घेऊन उभं राहणाऱ्या बायकांना विचारा एकदा, गणपती गोड आहेच, पण वर्षात दहा दिवस.

चाळकरी_कायमचा:
बरं ताई, हे मात्र मान्य. आईनं नवीन घरात पहिल्यांदा काय बघितलं असेल तर बाथरूमची कडी.

पेठेतला_पाहुणा:
अजून एक, खोल्या छोट्या बांधल्या ते कळलं, पण नंतर मोठ्या का झाल्या नाहीत? भाडे नियंत्रण. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला हे खरं, पण मालकानं डागडुजीतून हात काढून घेतला आणि पागडीचा, म्हणजे खोली देताना वरून एकरकमी पैसे घ्यायचा, धंदा फोफावला. खोली सोडली तर परत मिळणार नाही, म्हणून गावाहून बायकोमुलं त्याच खोलीत आली. एकट्या पुरुषाच्या मापाची खोली आणि संसार अख्खा!

लालबागचा_नातू:
हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले ११ माणसं कशी राहायची ते मला विचार. भिंतीला ओळीनं ११ खिळे होते, प्रत्येकाचा एक खिळा, सदरा-टोपी तिथेच. कोण भातलावणीला गावी गेला तरी त्याचा खिळा मोकळा ठेवायचा, दुसऱ्यानं कपडा टांगला की भांडण.

खाणावळवाली_नात:
आणि ट्रंका?

लालबागचा_नातू:
माळ्यावर. बाबा म्हणतात आजोबांची अजून आहे, गावच्या घरात, त्यात आता आंब्याच्या हंगामाची रद्दी असते.