विषय: पुन्हा एकदा, बालनाट्याचा २८ डिसेंबरचा प्रयोग आणि गालगुंड

प्रेषक: नाट्यसमिती, मुक्काम कोथरूड

सप्रेम नमस्कार.
आपल्या नाटकात प्रधानजी होणाऱ्या, अमेरिकेहून आलेल्या मुलाचा उजवा गाल २२ तारखेला सकाळी सुजला. आजीने दिलेली आवळासुपारी तोंडात टाकताच तो कळवळला, आणि पाहिले तर कानाची पाळी वर उचललेली. मात्र त्याला अमेरिकेत एमएमआरचे (गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीचे) दोन्ही डोस मिळालेले आहेत आणि रक्ततपासणीत आयजीएम (ताज्या लागणीची खूण असलेले प्रतिपिंड) निगेटिव्ह आले आहे; तेव्हा हे गालगुंड नव्हे असे धरून उद्यापासून त्याला तालमीला बोलावत आहोत. सर्व मुलांचे लसीचे दाखले मागण्याची सचिवांची सूचना समितीला मान्य नाही. सभागृहाची अनामत कोणी भरली, हे सर्वांना ठाऊक आहे.

प्रेषक: सचिव

अनामतीचा विषय मागच्या सभेतच संपला आहे. दाखले एवढ्यासाठी हवेत, की पुण्यातील आपल्या बालकलाकारांपैकी काहींना सरकारी लसीकरणातील एमआर (फक्त गोवर-रुबेलाची लस) मिळाली आहे आणि तिच्यात गालगुंडाची लस नसते. विषाणू त्या मुलांकडूनच आला असणार. दाखला नसलेल्या मुलास रंगमंचावर घेऊ नये.

प्रेषक: ताई, पाषाणहून

सचिवसाहेब आणि समितीचे दादा, तुम्हा दोघांचेही एकेका ठिकाणी चुकते आहे. लस घेतलेल्याला गालगुंड झाले तर आयजीएम पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून सूज आल्यापासून तीन दिवसांच्या आत, कानापुढची लाळग्रंथी अर्धा मिनिट चोळून, गालाच्या आतून स्वॅब (बोळ्याने नमुना) घ्यावा आणि पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुक शोधणारी तपासणी, करावी. आज २४ आहे, तेव्हा आजच घ्या.

दाखल्यांनी फारसे साधणार नाही. दोन डोसांचे संरक्षण सुमारे ८८ टक्के, आणि तेही वर्षे सरतात तसे ओसरते. २००६ साली अमेरिकेत ६,५८४ जणांना गालगुंड झाले, त्यांत दोन डोस घेतलेले कितीतरी महाविद्यालयीन विद्यार्थी होते.

राहिला प्रश्न कोणी आणला याचा. अमेरिकेतल्या लसीतील जेरिल लिन हा गालगुंडाच्या विषाणूचा वाण लसशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी १९६३ साली स्वतःच्या मुलीच्या घशातून मिळवला. तो ‘ए’ जनुकप्रकाराचा आहे, तर अमेरिकेत हल्ली मुख्यतः ‘जी’ फिरतो. भारतात ‘सी’ आणि ‘जी’ दोन्ही सापडले आहेत, त्यामुळे स्वॅबमध्ये ‘जी’ निघाला तरी कोणावरच ठपका ठेवता येणार नाही. प्रकार ठरवण्यासाठी वाचतात तो विषाणूचा एसएच नावाचा जनुक अवघा ३१६ अक्षरांचा, आणि पूर्ण जनुकसंच १५,३८४ अक्षरांचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील २०१६-१७ च्या साथीत विद्यापीठांतील व शहरातील रुग्णांमधले एवढ्याशा जनुकात न दिसलेले लागणीचे धागे पूर्ण संच वाचल्यावरच जुळले. आपल्याला मात्र भिंतीवरचे कॅलेंडर पुरे आहे. लागण झाल्यावर सूज यायला १२ ते २५ दिवस लागतात आणि प्रधानजी पुण्यात पोहोचला १४ तारखेला. सूज आठच दिवसांत आली, तेव्हा कोथरूडच्या मुलांना दोष देऊ नये.

सुजेचा दिवस सोडून पुढचे पाच दिवस, म्हणजे २७ पर्यंत, त्याने घरीच राहावे. २० आणि २१ च्या तालमीत त्याच्यापासून कोणाला लागण झाली असली, तरी त्यांची सूज १ जानेवारीच्या आधी येणे कठीण, आणि त्याआधीचे दोन दिवस संसर्गाचे धरले तरी २८ चा प्रयोग सुटतो. खरी काळजी त्यानंतरच्या, अमेरिकेला परतणाऱ्या विमानांची आहे.

प्रेषक: नाना

ताई म्हणतात ते सोळा आणे खरे. आमच्या सदाशिव पेठेतील वाड्यात पाचही भावंडांना ओळीने गालगुंड झाले आणि हळद-सुंठेच्या लेपावर आम्ही चौघे बरे झालो. धाकट्याचा डावा कान मात्र कायमचा गेला. डोस आणि दाखले यांवर वाद घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

प्रेषक: नाट्यसमिती

स्वॅब दुपारी दिला. रंगीत तालमीत प्रधानजीचे संवाद सेनापती म्हणेल. २८ ला, ताप नसल्यास, मूळ पात्रच उभे राहील. मुले एकच पिपाणी आळीपाळीने वाजवत होती, हे आज प्रथमच लक्षात आले. ती टाकून दिली असून तुळशीबागेतून तीन नव्या आणल्या आहेत; त्यांचे पैसे समितीच्या खात्यातून गेले आहेत, याची सचिवांनी कृपया नोंद घ्यावी.