पुण्यात नव्याने राहायला आलेल्याला कॅमेरा घेऊन कुठे न्याल?

निगेटिव्हचा_डबा
काल माळ्यावरून जुना डबा खाली काढला, तर तांबट आळीचा अख्खा रोल निघाला. आणि याच महिन्यात शेजारच्या इमारतीत जर्मनीहून एक जोडपं आलंय. चाकणला नोकरी, दोन वर्षं मुक्काम. दोघांच्याही गळ्यात कॅमेरा. रोज जिन्यात एक नवा प्रश्न असतो: दुपारी दुकानं बंद का, सव्वाशे म्हणजे शंभर आणि किती, पेठांना वारांची नावं कशी.
त्यांच्यासाठी इथे लिहा. "पुणं छान आहे" नको, नेमकं हवं. कुठली गल्ली, ऊन कुठून येतं, सेटिंग काय, काय बिघडतं.
मी तांबट आळीपासून सुरू करते. कसबा पेठेत शिरलं की ठोक्यांच्या आवाजामागे जायचं. मठारकाम म्हणजे भांड्यावर ओळीने हातोडीचे ठोके. नक्षी दिसते ती, पण मुळात त्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा टणक होतो. फोटोसाठी हातोडी वर जाऊन क्षणभर थांबते तेव्हा बटण दाबा, तिथे शटरचा वेग १/१२५ सेकंद पुरतो. खाली येताना धरायची असेल तर १/१००० तरी हवं. हात हलता दिसायला हवा असेल तर १/३० ठेवा आणि खांदा भिंतीला टेकवा. आत काळोख, उजेड फक्त दारातून, त्यात तांब्याची चमक. कॅमेरा काळोख मोजतो आणि चमक पांढरीफटक करतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) १ स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, कमी. काळोख नंतर उचलता येतो, जळलेली चमक परत येत नाही.

सव्वादोन
सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. साडे तीनपासून पुढेच लागतं, म्हणजे साडेतीनशे, साडेचारशे. साडेदोन कुणी म्हणत नाही. त्यांना एवढं सांगा की पावणे ऐकलं की पुढच्या आकड्यातून पाव वजा करायचा. वेळेलाही तेच, पावणेसात म्हणजे ६.४५. नव्या माणसाचं पहिलं चुकतं ते इथेच.
भाजीचा वाटा म्हणजे लावलेला ढीग, तो मोजून मिळत नाही. कोथिंबीर, मेथी जुडीने.

पेठेतलं_ऊन
वर तांबट आळीचं छान लिहिलंय. मी दिशेचं लिहितो, कारण पेठांमध्ये त्यावरच सगळं आहे.
बाजीराव रोड आणि शिवाजी रोड उत्तर-दक्षिण. सकाळी पश्चिमेकडच्या दुकानांवर ऊन, दुपारनंतर पूर्वेकडच्या. लक्ष्मी रोड ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे उत्तरेकडच्या दुकानांवर ऊन आणि समोरचा फुटपाथ सावलीत. सावलीत उभं राहून उन्हातली माणसं काढायची, मागे काळोख घेऊन. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो. माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते, म्हणून थंडीत दुपारही वाया जात नाही. मे महिन्यात ऊन सरळ डोक्यावर आणि भुवयांखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. तेव्हा साडेनऊला कॅमेरा बंद करून घरी जावं.
गर्दीत ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नका, मधून जाणारी हातगाडी तो आधी धरतो. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी लेन्स, अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ८, फोकस हाताने अडीच मीटरवर. साधारण १.७ पासून ४.८ मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. बोळात २८ मिमी, एफ ८, फोकस २ मीटर: सव्वा मीटर ते ५ मीटर. अडीच मीटर म्हणजे साधारण साडेतीन पावलं. घरात टेपने मोजून डोळ्याला सवय करा. चालत्या माणसाला १/२५०, दुचाकीला १/५००. सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पासून पुढे चढवायला घाबरू नका. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

गच्चीवर
मे वरून आठवलं, पुण्यात शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर, १३-१४ मे च्या आसपास, दुपारी साडेबारा वाजून एखाद-दोन मिनिटांनी. गच्चीत उभी बाटली ठेवून वरून फोटो काढायचा. मुलांना फार आवडतं. जर्मनीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, त्या दोघांना नक्की बोलवा.

निगेटिव्हचा_डबा
@गच्चीवर हे त्यांना खरंच माहीत नसणार!! तारीख लिहून ठेवली.

फोनवाली
सगळ्यांकडे मोठा कॅमेरा नसतो म्हणून फोनचं.
आधी लेन्स पुसा. खिशातल्या तेलकट थरामुळे दिव्यांभोवती रेघा येतात, लोक कॅमेऱ्याला दोष देतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट खाली ओढून थोडा काळोख करा. बोटांनी झूम नको, १एक्स वर चालत पुढे जा. अल्ट्रावाइडमध्ये कडेची माणसं ताणली जातात. पोर्ट्रेट मोड गजऱ्याच्या आणि सुट्या केसांच्या कडा खातो. संध्याकाळी नाइट मोड आपोआप लागतो आणि चालती माणसं पुसट होतात, तो हाताने बंद करा. आवाजाच्या बटणाने फोटो काढला तर फोन कमी हलतो.
कुकर झालाय, बाकी नंतर.

बोहरी_आळी
तुळशीबागेत, बोहरी आळीत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात ना, ते दुकानातल्या एलईडीमुळे. आपली वीज ५० हर्ट्‌झ, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. सायलेंट शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि मंद क्षणी वाचलेल्या ओळी काळ्या येतात. सायलेंट बंद करा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. अमेरिकेतून आणलेल्या कॅमेऱ्यात फ्लिकरची सेटिंग ६० वर असते, ती ५० करायची. जर्मनीत ५० च आहे, तुमच्या शेजाऱ्यांना ही अडचण नाही.

मावशी_म्हणा
तंत्राचं बरंच झालं, बोलण्याचंही सांगा कुणीतरी. थांबा, मीच लिहिते.
भाजीवाल्या बाईंना मावशी, वयस्कर असतील तर आजी. पुरुषांना काका किंवा दादा, तरुण मुलीला ताई. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं वाक्य पाठ करून घ्या. "काढू का" चा काढू नीट आला पाहिजे, "कधू" म्हटलं तरी मावशी हसतात आणि हसल्या की निम्मं काम झालं. बोहनीच्या वेळी विचारू नका. पहिलं गिऱ्हाईक व्हायचं असलं तर बोला, नाहीतर दहा मिनिटं थांबा. नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली, लगेच, दुरूनही काढायचा नाही. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारूनच.
कॅम्प, खडकी, घोरपडीकडे लष्कराची फाटकं, कुंपणं, पाटी लावलेल्या इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही. लोहगावचा विमानतळही हवाई दलाचा तळ आहे. परदेशी पासपोर्टवाल्याने तर इथे फार काळजी घ्यावी.

पेठेतलं_ऊन
@मावशी_म्हणा बोहनीचं अगदी बरोबर. हे कुठल्याच फोटोग्राफीच्या वर्गात शिकवत नाहीत.

रे_मार्केट
मंडईचं कुणीच नाही लिहिलं?
१८८६ ची इमारत, मध्ये अष्टकोनी मनोरा, आधीचं नाव रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. आत विक्रेते उंच गाळ्यावर बसतात आणि आपण खाली उभे. म्हणजे जवळून काढला की हनुवटी आणि नाकपुड्याच येतात. दोन-तीन पावलं मागे या किंवा स्क्रीन तिरपी करून कॅमेरा डोक्यावर धरा. बाहेर ताडपत्रीखाली बसलेल्यांचे चेहरे निळे पडतात, कारण ऊन निळ्या प्लास्टिकमधून गाळून येतं. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग सावरणं) तिथे गोंधळतो. रॉ मध्ये (रंग नंतर बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये) काढा, किंवा मावशींना ताडपत्रीच्या कडेशी उजेड असेल तिथेच काढा. लिंबं आणि लसूण चांगले येतात, वांग्यांची चमक सांभाळा.

झेंडूवाला
मार्केट यार्डातला फुलबाजार, गुलटेकडी. दसरा-दिवाळीच्या आधी पहाटे. झेंडूचा ढीग स्क्रीनवर सुंदर दिसतो आणि घरी उघडला की पाकळ्याच नाहीत, सपाट भगवा गोळा. लाल रंगाचा चॅनल भरून जातो, पण एकूण आलेख ठीक दिसत असतो म्हणून कळत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. एक्स्पोजर साधारण ०.७ ते १ स्टॉप कमी. कुंकू, पताका, गुलाल सगळ्यांना हेच.
पायात बूट घाला, खाली ओला पाला असतो.

कथील
कल्हईवाला दिसला तर सोडू नका. भांडं भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत आतून चांदीसारखं करतो. ती फिरकी काही सेकंदांची, भांडं गार झालं की कथील पसरत नाही. म्हणून कॅमेरा आधीच तयार हवा. धूर उजेडाच्या विरुद्ध बाजूनेच दिसतो. ऊन धुराच्या मागे, त्याच्याही मागे काळी भिंत किंवा सावली. उजेड तुमच्या पाठीवर असेल तर धूर दिसणारच नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, नवसागराचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.
अमृततुल्यच्या चहाची वाफही याच पद्धतीने.

फोनवाली
@कथील कल्हई करून देणारे आता कुठे भेटतात? सासूबाईंची तीन पातेली पडून आहेत.

कथील
@फोनवाली कसब्यात आणि रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानांत विचारा, पत्ता मिळेल. आणि कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, तळाशी थेंब जमतात. आधी तेल किंवा पाणी, मग आच. घासायला तारेची घासणी नको.

फोनवाली
🙏 आमच्याकडे फोडणीच्या आधी पातेलं तापवत ठेवायची सवय आहे, म्हणूनच जात असणार.

वारीचा_वाटसरू
पालख्या पुण्यात येतात तेव्हा ज्ञानेश्वर माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दोन रात्री मुक्काम. मिरवणुकीपेक्षा मुक्कामाची सकाळ बघा: दाढी, अंघोळी, वाळत टाकलेली धोतरं, पायाला तेल. पण अंघोळीच्या जागी कॅमेरा बंद. पांढरे सदरे आणि टोप्या बघून कॅमेरा फोटो करडा करतो, तिथे उलट एक्स्पोजर ०.७ स्टॉप वाढवा. भर उन्हात मात्र नको, पांढरं जळतं.
पाऊस असणारच. हॉटेलात मिळते तशी अंघोळीची प्लास्टिक टोपी कॅमेऱ्यावर, लेन्सला हूड. एसी गाडीतून उतरलं की काच धुरकट होते. पुसू नका, कॅमेरा बंद पिशवीत ठेवून वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

निगेटिव्हचा_डबा
पावसाळ्यात लेन्सना बुरशी येते त्यावर कुणी लिहिता का? त्यांच्या कपाटाची भिंत ओलसर आहे.

बोहरी_आळी
घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. ६० च्या वर आठवडेच्या आठवडे राहिला की बुरशी. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत तापवायचे, पण स्वयंपाकाच्या कढईत नाही.

ढोल_पथक
विसर्जनाला: गुलाल उडायच्या आधी लेन्स लावून घ्या आणि घरी येईपर्यंत बदलू नका. आतबाहेर होणारी झूम लेन्स हवा ओढते, हवेबरोबर गुलाल आत. एकाच मापाची लेन्स बरी. घरी आल्यावर आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. आधी पुसलंत तर चरे. कानात बोळे घाला.

रोल_छत्तीस
फिल्म कॅमेरा घ्यायचा असेल त्यांना तर जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. टॉर्च न्या. मागचं झाकण उघडा, शटर बी वर धरा (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), अपर्चर पूर्ण उघडा आणि पुढून टॉर्च मारून मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सारखा दुधी थर म्हणजे तेलाची वाफ. थर निघू शकतो, धाग्यांनी काच खाल्ली असेल तर डाग राहतो. १ सेकंदाचा वेग लावून ऐका, मध्येच अडखळला तर आतलं तेल घट्ट झालंय. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला चिकटला तर तो बदलावा लागणार, नाहीतर फिल्मवर उजेड गळतो. पारा असलेल्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालणारा असेल तर ते सेल आता बनत नाहीत, नव्या दीड व्होल्टवर मीटर चुकतं.
आग्फा क्लिक थ्री दिसला तर घ्या. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच, त्यामुळे ऊन हवं आणि हात स्थिर हवा.

मावशी_म्हणा
एक राहिलं. ज्यांचा फोटो काढला त्यांना प्रिंट नेऊन द्या. ४ बाय ६, मॅट. ग्लॉसीवर ओले हात उमटतात, भाजीवाल्यांचे हात ओलेच असतात. मागे गाळा आणि वार लिहून ठेवा, पण मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. महिन्याभरात द्या, नाहीतर जागा बदललेली असते.

निगेटिव्हचा_डबा
हे सगळं त्यांना वाचून दाखवतेय, अर्ध्या तासात पावणेदोनशेपर्यंत पोचलोय. उद्या बुधवार, तिघं जुन्या बाजारात जातोय. टॉर्चचे सेल आणायला निघाले.