बाथरूमच्या एक्झॉस्टला डँपर: स्प्रिंगचा की पडद्याचा?

पाचवा_मजला:
पुण्यात ११ मजली इमारतीत फ्लॅट आहे. बाथरूमची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या मोकळ्या जागेत) उघडते, त्यामुळे खालच्यांची फोडणी आणि वरच्यांची सिगारेट दोन्ही आमच्याकडे हजर. आता फॉल्स सीलिंग होतंय, तेव्हा खिडकीतला पंखा काढून छतात ४ इंची अ‍ॅक्सियल (हवा सरळ पुढे ढकलणारा साधा) पंखा बसवायचा, तिथून सव्वादोन मीटर पीव्हीसी पाइप, एक एल्बो आणि पुढे डक्टमध्ये सोडायचं असा बेत आहे. वास उलटा येऊ नये म्हणून डँपर, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवी. दुकानात दोन प्रकार दाखवले. एक पत्र्याचा: मधे दांडी आणि स्प्रिंगवर मिटणाऱ्या दोन पाकळ्या. दुसरा प्लॅस्टिकच्या कॉलरमधला, पातळ पडद्याचा. कुठला घ्यावा, कुठे बसवावा? आणि किचनच्या चिमणीचा पाइप यातच जोडला तर भिंतीला एकच भोक पाडावं लागेल, चालेल का?

पत्राकाम:
चिमणीचं आधी सांगतो: अजिबात जोडू नका. चिमणीची मोटर तुमच्या ४ इंचीपेक्षा कितीतरी दांडगी. तेलकट हवा बाथरूमच्या पाइपात घुसेल आणि डँपरच्या पाकळ्या चिकटून बसतील. चिमणीला तिचा स्वतंत्र ६ इंची पाइप द्या.

आता डँपर. तो पंखा बघून निवडायचा. ४ इंची अ‍ॅक्सियलच्या खोक्यावर तासाला ९०-१०० घनमीटर लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. दाब म्हणाल तर असे पंखे जेमतेम ३०-४० पास्कल देतात, आणि पाइप, एल्बो, बाहेरची जाळी यांतच त्यातला बराचसा खर्ची पडतो. वर कडक स्प्रिंग टाकली की पाकळ्या अर्धवट उघडतात, पंखा घोंघावत राहतो आणि आरशावरची वाफ जागची हलत नाही. अ‍ॅक्सियलच ठेवणार असाल तर पडद्याचा घ्या. स्प्रिंगचाच हवा असेल तर पंखा बदला, इनलाइन मिक्स्ड-फ्लो, म्हणजे पाइपाच्या मधेच बसणारा जास्त दाबाचा पंखा घ्या. त्याचा दाब पुरतो, आणि तो सीलिंगच्या आत असल्यामुळे आवाजही कमी येतो. माझं मत इनलाइनच्या बाजूने. सव्वादोन मीटर अधिक एल्बो म्हणजे अ‍ॅक्सियलची ताकद संपतच आली.

बसवताना एवढं बघा. आडव्या पाइपात दोन पाकळ्यांची दांडी उभी असायला हवी. आडवी बसवली तर वरची पाकळी स्वतःच्या वजनाने उघडीच पडते, फक्त खालची मिटते. डँपरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. पंख्याला अगदी चिकटवून बसवू नका, कारण तिथे हवा गरगरत असते आणि पाकळ्या टकटक वाजतात. मधे २५-३० सेंमी सरळ पाइप सोडा, एल्बोनंतरही तसंच. ११० मिमी पीव्हीसी पाइपात १०० मिमी डँपरची कॉलर सैल बसते, म्हणून कॉलरभोवती फोमची पट्टी गुंडाळून सांधा अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा. कापडी टेप दमट हवेत सुटते. स्क्रू मारलाच तर पाकळीच्या फिरण्याच्या जागेपासून दूर. आत आलेलं स्क्रूचं टोक पाकळी अडकवायला पुरेसं असतं.

वर चढवण्याआधी पंखा, पाइप, एल्बो, डँपर जमिनीवर जोडून चालू करा आणि मोकळ्या टोकातून आत बघा. पाकळ्या हवेला जवळजवळ समांतर झाल्या पाहिजेत.

नहाणी_ट्रॅप:
वरचं सगळं बरोबर, पण डँपर म्हणजे एकच भोक बंद. लूव्हर्सची खिडकी तशीच राहिली तर वास तिथून येईलच, शिवाय पंखा तिथलीच हवा ओढून पाइपात टाकेल. काचेच्या पट्ट्या काढून तिथे अखंड काच बसवा. कोअर कटिंगचं (मशीनने भिंतीत गोल कापलेलं) भोक पाइपपेक्षा मोठं असतं, ती फट सिलिकॉनने भरा. आणि नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीच्या जाळीखाली पाणी अडवून वास रोखणारा भाग) पाणी आहे ना ते बघा. हे पाण्याचं सील ५० मिमीचं हवं, वापर नसला की ते सुकतं आणि ड्रेनेजचा वास वर येतो. त्याला कुठलाही डँपर काही करू शकत नाही. कुठून येतंय ते कळायला पंखा बंद ठेवून उदबत्ती एकेका फटीजवळ धरा, धूर ज्या ठिकाणी आत ढकलला जाईल ती जागा.

खिडकी बंद केल्यावर पंख्याला हवा दाराखालून लागते. ७५ सेंमी दाराखाली १० मिमी फट म्हणजे साधारण ४ इंची पाइपाएवढंच क्षेत्रफळ. दार उंबऱ्याला घासत असेल तर पंखा कितीही चांगला असो, डँपर नीट उघडणार नाही.

पाचवा_मजला:
धन्यवाद. इनलाइनच घेतो. एक राहिलं, गॅस गीझर बाथरूममध्येच आहे. त्याने काही फरक पडतो का?

पत्राकाम:
मग खिडकीला हात लावू नका! आधी गीझर बाहेर काढा, ड्राय बाल्कनीत वगैरे, जिथे हवा खेळती असेल. गीझर खोलीतला ऑक्सिजन खातो. बंद बाथरूममध्ये ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. गीझरला धुराडं असेल तर जोरकस एक्झॉस्ट त्यातला धूर उलटा खोलीत ओढू शकतो. इनलाइन घेतलात तर हा धोका वाढतो. बाहेर काढणं जमत नसेल तर इलेक्ट्रिक गीझर लावा, मगच खिडकी बंद आणि डँपर.

नहाणी_ट्रॅप:
शंभर टक्के. आणि सीलिंगवाल्याला आजच सांगा, डँपर आणि पंख्याच्या बरोबर खाली ४५ × ४५ सेंमीचं ट्रॅपडोअर (उघडता येणारं झाकण) ठेवायचं. पाकळ्यांवर धूळ आणि ओलावा मिळून लगदा बसतो, सहा महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसावा लागतो. ट्रॅपडोअर नसेल तर पीओपी फोडायची वेळ येते.